दुधाचे दात आणि पांढरी राख

लहान मुलाचा दुधाचा दात पडला की त्याचं काय करायचं, याचं उत्तर आपल्याकडे घरोघरी ठरलेलं असतं. कुठे तो तुळशीत पुरतात, कुठे छपरावर भिरकावतात, कुठे उंदीरमामाला देऊन बदल्यात नवा दात मागतात. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातली मुलं मात्र १९५९ पासून पुढची दहा-अकरा वर्षं आपले पडलेले दात पाकिटात घालून शास्त्रज्ञांकडे पाठवत होती. बदल्यात त्यांना छातीवर लावायला एक बिल्ला मिळायचा. त्यावर दात पडलेल्या, हसऱ्या मुलाचं चित्र असायचं आणि लिहिलेलं असायचं: 'मी माझा दात विज्ञानाला दिला.' असे तीन लाखांहून अधिक दात जमा झाले.

या दातांनी अणुबॉम्बच्या चाचण्या थांबवल्या, असं कधीकधी सांगितलं जातं. ते पूर्ण खरं नाही आणि पूर्ण खोटंही नाही. 'आपल्यासारख्यांच्या बोलण्यानं जगात काय फरक पडतो?' हा प्रश्न ऑनलाइन निवेदनावर नाव टाकताना आपल्याला पडतो, तसा तो या मुलांच्या आयांनाही पडला होता. त्यांच्याआधी तो टोकियोतल्या गृहिणींना पडला होता, आणि त्याच सुमाराला पॅसिफिक महासागरातल्या चिमुकल्या बेटांवरच्या माणसांनाही. तिन्ही ठिकाणची माणसं बोलली. ऐकलं गेलं ते मात्र सगळ्यांचं सारखं नाही. गोष्ट सुरू होते ती त्या बेटांपासून.

समुद्रात पडलेली राख

१ मार्च १९५४ च्या पहाटे अमेरिकेनं मार्शल बेटांमधल्या बिकिनी या प्रवाळबेटावर एका हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिचं सांकेतिक नाव होतं 'कॅसल ब्राव्हो'. शास्त्रज्ञांचा अंदाज सहा मेगाटनांच्या आसपास स्फोट होईल असा होता. प्रत्यक्षात तो पंधरा मेगाटनांचा झाला, म्हणजे हिरोशिमावरच्या बॉम्बच्या सुमारे हजारपट. बेटाचं प्रवाळ जळून, त्याची भुकटी होऊन आकाशात गेली आणि काही तासांनी किरणोत्सारी पांढरी राख होऊन शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात खाली पडायला लागली.

त्या पट्ट्यात 'दाइगो फुकुर्यू मारू' नावाची जपानी मच्छीमार बोट होती. तिच्यावर तेवीस खलाशी होते. अमेरिकेनं जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीच्या ती बाहेरच होती. पश्चिमेला अचानक उजाडलेलं त्यांनी पाहिलं, मग आवाज ऐकला आणि पुढे काही तास अंगावर बर्फासारखी पडणारी राख झटकत जाळी ओढली. १४ मार्चला बोट याइझू बंदरात परतली तेव्हा सगळे आजारी होते. बोटीचे रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला वारले.

गॉडझिला तुम्हाला माहीत असेलच. त्याचा पहिला जपानी चित्रपट याच वर्षी, नोव्हेंबर १९५४ मध्ये आला. त्याच्या सुरुवातीला समुद्रात एक लखलखाट होतो आणि बोट गडप होते. हे दृश्य कुठून आलं, हे तेव्हाच्या जपानी प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही.

मासळीच्या दुकानातून निघालेली सही

हिरोशिमा आणि नागासाकीचं दुःख जपानमध्ये बरीच वर्षं दबलेलं होतं. देश अमेरिकेच्या ताब्यात असताना अणुबॉम्बबद्दल मोकळेपणानं छापायला बंदी होती. इतर शहरांतल्या लोकांना ते त्या दोन शहरांचं दुःख वाटे. मार्च १९५४ मध्ये परिस्थिती बदलली, कारण बोटीसोबत मासळीही परत आली होती. ट्यूना, म्हणजे आपल्या कोकणातला कुपा, किरणोत्सारी निघाला. अधिकारी बंदरांवर मोजमापाची यंत्रं घेऊन मासे तपासू लागले. शेकडो टन मासळी फेकून द्यावी लागली. लोकांनी मासे खाणं सोडलं आणि कोळ्यांपासून किरकोळ मासेविक्रेत्यांपर्यंत सगळ्यांचा धंदा बसला.

टोकियोच्या सुगिनामी भागात एका सार्वजनिक सभागृहात बायकांचं वाचनमंडळ चालायचं. आंतरराष्ट्रीय कायद्याचे अभ्यासक काओरू यासुई तिथे त्यांच्यासोबत पुस्तकं वाचत. तिथल्या एका सभेत मासळीचं दुकान चालवणाऱ्या कुटुंबातली एक बाई उभी राहिली आणि या बॉम्बबद्दल आपण काही करायला हवं, असं म्हणाली. मे महिन्यात परिसरातल्या संघटनांनी मिळून समिती स्थापन केली आणि सह्यांची मोहीम सुरू झाली. कोणत्याही पक्षाचा झेंडा घ्यायचा नाही, एका देशाला शिव्या द्यायच्या नाहीत, हायड्रोजन बॉम्बवर बंदी एवढंच मागायचं आणि ते जगातल्या सगळ्या सरकारांकडे व सगळ्या लोकांकडे मागायचं, असं ठरलं.

मग बायका दारोदार गेल्या. ज्या भागाची वस्ती चार लाखांच्या आत होती, तिथे दोनेक महिन्यांत अडीच लाखांहून अधिक सह्या झाल्या. देशात इतरत्रही अशाच मोहिमा उभ्या राहिल्या होत्या, त्या एकत्र आल्या. ऑगस्ट १९५५ पर्यंत तीन कोटींहून जास्त जपानी लोकांनी सही केली होती. देशाची लोकसंख्या तेव्हा नऊ कोटींच्या आसपास होती. त्यातली एकही सही नुसती बोट फिरवून झालेली नव्हती. प्रत्येक सहीमागे कुणीतरी दार वाजवलं होतं आणि कुणीतरी उंबऱ्यावर उभं राहून ऐकून घेतलं होतं.

या सह्यांनी चाचण्या थांबल्या नाहीत. पण ६ ऑगस्ट १९५५ ला हिरोशिमात अण्वस्त्रविरोधी जागतिक परिषद भरली आणि दहा वर्षं गप्प राहिलेले बॉम्बपीडित लोकांपुढे बोलू लागले. पुढच्याच वर्षी त्यांनी 'निहोन हिदान्क्यो' ही आपली संघटना काढली. २०२४ चं शांततेचं नोबेल मिळालं ते याच संघटनेला. मासळीच्या दुकानातल्या काळजीपासून नोबेलपर्यंत सत्तर वर्षं गेली.

भारतही तेव्हा गप्प नव्हता. २ एप्रिल १९५४ ला पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत, निःशस्त्रीकरणाचा मोठा करार होईल तेव्हा होवो, निदान चाचण्या तरी आहेत तिथे थांबवा, अशी मागणी केली. चाचण्यांवर बंदी घालण्याची सूचना इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या राष्ट्रप्रमुखांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. हे लक्षात ठेवू, पुढे लागणार आहे.

गवत, गाय, दूध, दात

अमेरिकेत सरकारचं म्हणणं होतं की चाचण्यांमधून पसरणारी धूळ इतकी थोडी आहे की तिची काळजी नको. धूळ थोडी होती हे खरं, पण ती कुठे जाते हा प्रश्न होता. तिच्यात स्ट्रॉन्शियम-९० हा पदार्थ असतो. रासायनिकदृष्ट्या तो कॅल्शियमचा जवळचा नातेवाईक. पावसाबरोबर तो गवतावर पडतो, गाय गवत खाते, तो दुधात उतरतो. मूल दूध पितं आणि त्याचं शरीर कॅल्शियम समजून तो हाडांत आणि दातांत बसवतं. त्याची तीव्रता निम्मी व्हायला सुमारे २९ वर्षं लागतात. म्हणजे मुलानं अंग धरावं म्हणून आई जे दूध पाजत होती, त्याच वाटेनं बॉम्ब घरात येत होता.

किती येत होता, हे मोजायचं कसं? हाडं तपासायची तर माणूस मेलेला हवा. १९५८ मध्ये हर्मन काल्कार या जीवरसायनशास्त्रज्ञानं 'नेचर' या नियतकालिकात एक साधी सूचना केली. दुधाचे दात आपोआप पडतात आणि ते तयार होत असताना शरीरात काय होतं याची नोंद त्यांत राहते, तेव्हा ते गोळा करावेत.

ही सूचना सेंट लुईसमध्ये उचलली गेली. तिथे त्याच वर्षी वनस्पतिशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर आणि इतरांनी नागरिकांची एक समिती काढली होती. चाचण्या हव्यात की नकोत यावर समितीची भूमिका साधी होती: निर्णय लोकांनी घ्यावा, पण त्यासाठी लागणारी माहिती लोकांना समजेल अशा भाषेत त्यांच्यापर्यंत पोचवणं हे शास्त्रज्ञांचं काम. दात गोळा करण्याच्या प्रकल्पाची पहिली काही वर्षं डॉ. लुईस राईस या वैद्यक शिकलेल्या बाईंनी सांभाळली. शाळा, वाचनालयं, दंतवैद्यांचे दवाखाने यांतून फॉर्म वाटले गेले. मूल कधी जन्मलं, गरोदरपणी आई कुठे राहत होती, बाळ अंगावरचं दूध प्यायलं की वरचं, हे त्यात भरायचं. पाकिटं उघडणं, दात वेगळे करणं, नोंदी ठेवणं ही किचकट कामं स्वयंसेवकांनी, मुख्यतः बायकांनी, वर्षानुवर्षं केली.

पहिले निष्कर्ष नोव्हेंबर १९६१ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आले. पन्नासच्या दशकात चाचण्या जशा वाढल्या तसं मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियमही वाढत गेलं होतं. पुढे जमलेल्या दातांवरून दिसलं, की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांमध्ये ते १९५० मधल्या मुलांच्या सुमारे पन्नासपट होतं.

रस्त्यावर आलेल्या आया

मधल्या काळात थांबलेल्या चाचण्या सोव्हिएत संघानं १ सप्टेंबर १९६१ ला पुन्हा सुरू केल्या. ३० ऑक्टोबरला त्यांनी मानवी इतिहासातला सगळ्यात मोठा बॉम्ब फोडला, सुमारे पन्नास मेगाटनांचा. अमेरिकाही मागे राहणार नव्हती. दोनच दिवसांनी, १ नोव्हेंबरला, अमेरिकेतल्या साठेक शहरांत सुमारे पन्नास हजार बायका घरकाम आणि नोकऱ्या बाजूला ठेवून रस्त्यावर आल्या. हा 'विमेन स्ट्राइक फॉर पीस'. सुरुवात केली होती वॉशिंग्टनच्या डॅगमार विल्सन आणि त्यांच्या मैत्रिणींनी. विल्सन मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढत. या संघटनेला सदस्यत्वाची वर्गणी नव्हती, पदाधिकाऱ्यांची उतरंड नव्हती. फोनवरून, ख्रिसमस कार्डांच्या पत्त्यांच्या याद्यांवरून निरोप गेले होते.

डिसेंबर १९६२ मध्ये संसदेच्या चौकशी समितीनं या बायकांना हजर राहायला सांगितलं. ही समिती कम्युनिस्ट शोधून काढण्यासाठी कुप्रसिद्ध होती. तिच्यापुढे उभं राहण्याच्या भीतीनं भल्याभल्यांच्या नोकऱ्या आणि मैत्री गेल्या होत्या. या बायका लहान मुलांना कडेवर घेऊन आल्या. साक्षीदार पुढे जाताना बाकीच्या टाळ्या वाजवत, फुलांचे गुच्छ देत. तुमच्या संघटनेत कम्युनिस्टांना येऊ द्याल का, असं विल्सनना विचारलं गेलं. ज्याला शांतता हवी त्याला आम्ही अडवणार नाही, अशा अर्थाचं त्यांचं उत्तर होतं. वर्तमानपत्रांनी समितीचीच टर उडवली.

५ ऑगस्ट १९६३ ला मॉस्कोत अमेरिका, सोव्हिएत संघ आणि ब्रिटननं अंशतः चाचणीबंदीच्या करारावर सह्या केल्या. हवेत, पाण्याखाली आणि अवकाशात अणुचाचण्या करायच्या नाहीत, असं ठरलं. करारासाठी जनतेचा पाठिंबा मागताना केनेडींनी मुलांच्या हाडांतल्या आणि रक्तातल्या कर्करोगाचा उल्लेख केला. ज्या विषयाला सरकारनं काही वर्षांपूर्वी क्षुल्लक म्हटलं होतं, तो आता राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात होता. त्याआधीच्या वर्षी क्यूबाच्या पेचामुळे दोन्ही महासत्तांना घाम फुटला होता, तेही कारण होतंच. पण राष्ट्राध्यक्षांचे विज्ञान सल्लागार जेरोम वीसनर यांनी श्रेय देताना शांततेसाठी काम करणाऱ्या या बायकांचं नाव घेतलं. करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम कमी होत गेलं.

ज्यांचे दात कुणी मागितले नाहीत

गोष्ट इथे संपवली तर छान वाटेल. पण कराराच्या शब्दांकडे नीट पाहा. जमिनीखालच्या चाचण्यांवर त्यात बंदी नव्हती. अमेरिकेनं केलेल्या एकूण १०५४ चाचण्यांपैकी आठशेहून अधिक भूमिगत होत्या आणि त्यांतल्या बहुसंख्य या करारानंतरच्या. दूध सुरक्षित झालं, बॉम्ब वाढत राहिले. स्वयंपाकघरातला धोका टळल्यावर रस्त्यावरची गर्दीही ओसरली. भारतानं १९६३ च्या ऑगस्टमध्येच या करारावर सही केली आणि १९७४ व १९९८ मध्ये पोखरणला स्फोट केले ते जमिनीखालीच, म्हणजे करार न मोडता.

आणि ज्या बेटांपासून आपण निघालो, तिथे काय झालं? ब्राव्होची राख राँगेलाप बेटावरही पडली होती. तिथल्या मुलांनी ती हातात घेतली, अंगाला चोळली. गावकऱ्यांना दोन दिवसांनी हलवण्यात आलं. मार्शल बेटं तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं अमेरिका सांभाळत होती. म्हणजे तिथल्या लोकांचं हित पाहणं हे तिचं अधिकृत कर्तव्य होतं. २० एप्रिल १९५४ ला मार्शल बेटांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांना लेखी अर्ज केला: आमच्या भागातल्या या चाचण्या ताबडतोब थांबवा. सुगिनामीच्या बायकांची सह्यांची मोहीम सुरू होण्याआधीच हा अर्ज गेला होता. त्यानंतर तिथे चाचण्या आणखी चार वर्षं चालल्या. १९४६ ते १९५८ या काळात एकूण ६७.

१९५७ मध्ये राँगेलापच्या लोकांना परत त्यांच्या बेटावर नेण्यात आलं. ते सुरक्षित आहे, असं सांगितलं गेलं. मग दरवर्षी अमेरिकी डॉक्टर यायचे, रक्त आणि लघवीचे नमुने घ्यायचे, तपासून निघून जायचे. काय आढळलं ते आम्हाला कुणी नीट सांगत नाही, ही लोकांची कायमची तक्रार होती. स्फोटाच्या वेळी लहान असलेल्या मुलांमध्ये थायरॉइडच्या गाठी निघू लागल्या. तेव्हा वर्षाचा असलेला लेकोज अंजाइन १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेला. अखेर १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडायचं ठरवलं. सरकार मदतीला येईना, तेव्हा ग्रीनपीसच्या 'रेनबो वॉरियर' जहाजानं तीनशेहून अधिक माणसं, घरांच्या फळ्यांसकट, दुसऱ्या बेटावर नेऊन सोडली.

सेंट लुईस आणि राँगेलाप इथे शेजारी ठेवून पाहिले पाहिजेत. दोन्हीकडे मुलांच्या शरीरात एकाच प्रकारची राख शिरली होती, राँगेलापमध्ये कितीतरी जास्त. दोन्हीकडे विज्ञान काम करत होतं. सेंट लुईसमध्ये प्रश्न लोकांचा होता, नमुना त्यांनी आपणहून दिला होता आणि उत्तर त्यांच्या हातात येत होतं. राँगेलापमध्ये माणसं स्वतःच नमुना होती. दोन्हीकडच्या आया काही वेगळ्या नव्हत्या. सेंट लुईसच्या आईकडे मत होतं, शेजारी विद्यापीठ होतं, दारात वार्ताहर होता. राँगेलापच्या आईचा अर्ज न्यूयॉर्कला जाऊन फायलीत बसला.

म्हणून सामान्य माणसांनी आवाज उठवला आणि जग बदललं, हे वाक्य वापरताना त्यातला आवाज कुणाचा, हे विचारायला हवं. आपल्या ताटातल्या मासळीची, आपल्या मुलाच्या दुधाची काळजी माणसाला रस्त्यावर आणते. त्यात लाजण्यासारखं काही नाही. बहुतेक चळवळी अशाच सुरू होतात. सुगिनामीच्या बायकांचं वेगळेपण हे, की मासळीपासून सुरू झालेली त्यांची काळजी मासळीपाशी थांबली नाही. ती हिरोशिमाच्या जखमी माणसांपर्यंत गेली आणि त्यांना बोलतं करून आली.

हेगच्या कोर्टात

ब्राव्होच्या पहाटे मार्शल बेटांमधल्या लिकिएप इथे नऊ वर्षांचा टोनी डीब्रम आजोबांबरोबर मासे पकडत होता. आकाश, समुद्र, जाळं, सगळं लाल झालेलं त्यानं पाहिलं. पुढे तो देशाचा परराष्ट्रमंत्री झाला. २४ एप्रिल २०१४ ला या छोट्या देशानं हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात अण्वस्त्रं असलेल्या नऊही देशांविरुद्ध दावे दाखल केले. भरपाई मागितली नव्हती. निःशस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करण्याचं तुमचं कर्तव्य पाळा, एवढंच म्हणणं होतं. न्यायालयाचा अधिकार आधीपासून मान्य केलेले त्यांत तीनच देश होते: ब्रिटन, पाकिस्तान आणि भारत. खटला चालला तो या तिघांवर. १९५४ च्या एप्रिलमध्ये चाचण्या थांबवा म्हणणारा भारत साठ वर्षांनी त्याच बेटांच्या विरुद्ध बाजूला उभा होता आणि हे प्रकरण न्यायालयानं ऐकू नये असा त्याचा युक्तिवाद होता. ५ ऑक्टोबर २०१६ ला न्यायालयानं, पक्षांमध्ये कायदेशीर अर्थानं 'वाद'च नाही असं म्हणत, दावे ऐकायला नकार दिला. भारताच्या बाबतीत न्यायाधीशांची मतं नऊ विरुद्ध सात अशी पडली. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी आतल्या पानावर कुठेतरी येऊन गेली.

दरम्यान, डिसेंबर २०१५ मध्ये डीब्रम पॅरिसच्या हवामान परिषदेत होते. समुद्रसपाटीपासून सरासरी दोनेक मीटर उंचीच्या देशाचा हा मंत्री शंभराच्या आसपास देशांची मोट बांधून तापमानवाढीची मर्यादा दीड अंशावर ठेवा म्हणत होता. दीड अंशाचा उल्लेख करारात आला, त्यात या मोटेचा वाटा मोठा होता. २०१७ मध्ये डीब्रम वारले. बॉम्बची राख आणि चढता समुद्र या दोन्हींबद्दल ते एकच गोष्ट सांगत आले: करणारे दूर असतात, भोगणारे इथे.

सेंट लुईसचे दात विसरलेच गेले होते. २००१ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या लोकांना त्यांतले सुमारे ८५ हजार दात शहराबाहेरच्या एका जुन्या बंकरमध्ये सापडले. दुसऱ्या महायुद्धात तिथे दारूगोळा ठेवत असत. प्रत्येक दातासोबत मुलाची माहिती लिहिलेलं कार्ड अजून जपलेलं होतं. त्यांच्यावर आजही संशोधन होतं, कारण कुणीतरी विचारायचं ठरवलं, कुणीतरी दात पाठवला आणि कुणीतरी नोंद ठेवली. राँगेलापच्या मुलांची नोंदही आहे, संयुक्त राष्ट्रांच्या फायलीत, २० एप्रिल १९५४ च्या अर्जात. ती वाचायला बंकर उघडावा लागत नाही. तो अर्ज कुणीही शोधून वाचू शकतं.